घासूनपुसून घेतलेलं गाणं

माझी बाय,

तुला जाऊन सव्वा महिना झाला. तेराव्याला अंगणात सगळी माणसं बसली होती, तेव्हा दाजी मला म्हणाले, "दत्तू, तू शिकलेला, मुंबईत ऱ्हानारा. हिच्यावर दोन शब्द बोल." मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि पुन्हा खाली बसलो. लोकांना वाटलं, भावाला भरून आलं. भरून आलं होतंच गं! पण गप्प राहिलो ते त्यामुळे नाही. मला जे बोलायचं होतं ते तुझं कौतुक नव्हतं, माझा गुन्हा होता. तो चारचौघांत काढायची हिंमत झाली नाही.

काल तुझी लेक हिरा माझ्या गिरगावच्या खोलीवर येऊन गेली. ती गेल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं हिराच तुला वाचून दाखवायची, आणि तू मधेच थांबवून म्हणायचीस, "हा काय मास्तरासारखा लिवतोय, आपल्यासारखं लिव म्हनावं." आजही तसंच लिहितोय, बघ. बारा वर्षं मुंबईत राहून हात तसाच वळलाय. रागावू नकोस.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तू पंधराची. वर्षभरात तुझं लग्न झालं. नावड्याहून कोपरखैरण्याला सासरी निघालीस ती मला हाताला धरूनच. नवरीबरोबर तिचा भाऊ नांदायला! लोक हसले असतील. दाजी हसले नाहीत. मिठागरातून आले की ते आधी मी जेवलो का ते विचारायचे.

तुझ्या सासूने तुला भाताची लावणी शिकवली, तसेच लग्नातले धवलेही शिकवले. मुंबईत मी कुणाला 'माझी बहीण धवलारीण आहे' असं सांगितलं की पुढे समजावताना नेहमी अडखळायचो. लग्न लावायला भटजी असतोच, पण आपल्याकडे हळद दळायला घेतल्यापासून नवरी निघेपर्यंत एक बाई गात असते आणि तिच्या गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. ती गायली नाही तर हळद लागत नाही. सासू थकली आणि तू तिच्या जागी बसलीस. रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत लग्न ठरलं की पहिला निरोप तुला यायचा.

तुझा आवाज गोड नव्हता, बाय. जाड होता. वर चढताना खरखरायचा आणि नेमका नवरीचं नाव घेताना फाटायचा. तिथेच बायका रडायच्या. मी लहानपणी जात्याजवळ बसून वाट बघायचो, आता फाटेल, आता फाटेल! फाटला की नवरीच्या आईचा पदर तोंडाशी जायचा. तू हे मुद्दाम करायचीस का गं? कधी विचारलंच नाही.

पुढे मी ठाण्याला शिकलो, पेटी वाजवायला लागलो आणि मुंबईला तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. तिथल्या संगीतकाराला आम्ही मास्तर म्हणायचो. त्यांनी चाल सांगितली की ती कागदावर उतरवायची, वादकांना वाटायची, गाणाऱ्याला शिकवायची, हे माझं काम. त्या दिवसांत खाडीकाठची, समुद्रावरची गाणी लोकांना आवडायला लागली होती. एक दिवस मास्तर म्हणाले, "दत्ता, तुझ्या गावाकडचं काहीतरी आण की. पण अस्सल पाहिजे."

अस्सल! तो शब्द ऐकून मी हुरळलो. मला वाटलं, माझ्याकडे देण्यासारखं काही आहे हे पहिल्यांदाच कुणीतरी ओळखलं.

बॅटरीवर चालणारं, फितीवर आवाज टिपणारं ते जड मशीन मांडीवर घेऊन मी एसटीने आलो, आठवतं? ओट्यावर ठेवलं आणि म्हणालो, "गा."

"लगीन कोनाचं हाय?"

"कुणाचं नाही. नुसतं गा."

"नुसतं कसं गाऊ? नाव कोनाचं घेऊ?"

तू ऐकेनास. शेवटी शेजारच्या यमुनेचं लग्न चार दिवसांवर होतं, तोवर मी थांबलो. भर दुपारी यमुनेच्या अंगणात हळद दळायला घेतली आणि मी जात्यापासून दोन हातांवर मशीन मांडलं. तू म्हणालीस:

हलद लागली हातान् माथ्याला गो,
यमुना निंगाली परक्या वाटंला गो.

फितीत काय काय आलं होतं! जात्याची घरघर, तुझ्या बांगड्या, मागे ओरडणारी शेळी, कुणाचं तरी रडणारं पोर, आणि एका म्हातारीचं "जोरात गो!" तू मधेच खोकलीस, पाणी प्यायलीस आणि तिथूनच पुढे गेलीस. नंतर मी ती फीत सगळ्यांना ऐकवली. तू तोंडावर हात घेतलास.

"ही मी? अगं बाय, कावला वरडतोय!"

सगळ्याजणी हसल्या, तूही हसलीस. मग जरा वेळाने, बायका पांगल्यावर, मला हळूच विचारलंस, "दत्तू, मी मेली तरी ही गात ऱ्हाईल?"

"राहील की."

"मंग ठेव जपून."

बाय, पुढचं तुला माहीत नाही. कंपनीत ती फीत लावली तेव्हा खोलीत पंधरा माणसं होती. शेळी ओरडली तसे सगळे हसले. तुझा आवाज फाटला तशी एकाने लगेच नक्कल केली आणि पुन्हा हशा पिकला. आणि मी? मीही हसलो. त्यांच्याइतकाच मोठ्याने. त्यांना वाटू नये की ही बाई माझी कुणी लागते, म्हणून.

मास्तर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "चाल सोन्यासारखी आहे. जरा घासूनपुसून घेऊ. बाईंनाच बोलवा."

तू नवं लुगडं नेसून आलीस. अंबाड्यात अबोली होती. त्या खोलीच्या भिंतींना सगळीकडून गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, बाहेरचा एक आवाज आत येत नाही. तू शिरलीस आणि म्हणालीस, "हितं कान मेल्यासारखं वाटतंय." तुला मधोमध उभं केलं. हलायचं नाही म्हणून सांगितलं. तू आयुष्यभर बसून, डुलत गायलेली! वादक मागे, तू पुढे. तू सुरुवात केलीस आणि काचेपलीकडून ध्वनिमुद्रण करणाऱ्या साहेबांचा आवाज आला, "बांगड्या वाजतायत. काढायला सांगा."

तू माझ्याकडे बघितलंस.

"पाच मिनिटं गं," मी म्हणालो.

"धनी जिता असताना बांगड्या काढू? तूच सांगतोस हे?"

मग मी तुझ्या दोन्ही मनगटांना रुमाल गुंडाळले. चुडा झाकला आणि गाठी मारल्या. तेही घाईघाईने. सगळे खोळंबले होते ना!

पुन्हा सुरू केलं. "हलद नाही, हळद म्हणा," मास्तर म्हणाले. पाच वेळा म्हणाले. सहाव्या वेळी तू जीभ वळवून 'हळद' म्हणालीस आणि पुढची ओळच विसरलीस. वीस वर्षांत जी ओळ कधी विसरली नव्हतीस ती!

"कोनाकडं बगून गाऊ?" तू विचारलंस.

"त्या माइककडे बघा."

"त्याचं लगीन हाय?"

सगळी खोली हसली. तू विनोद केला नव्हतास. तू खरंच विचारत होतीस, आणि हे तिथे फक्त मला कळत होतं. मी हातातले कागद चाळत राहिलो.

अर्ध्या तासाने मास्तरांनी चहा मागवला आणि मला बाजूला घेतलं. "दत्ता, बाई थकल्यात. आवाज माइकला चालत नाही. आपण दुसरं बघू." मी तुला ठाण्याच्या गाडीत बसवून दिलं. स्टेशनपर्यंत रस्ताभर तू एकच विचारलं होतंस, "मी चुकले का रं?" मी म्हणालो, "नाही गं, मशीनच बिघडलंय."

पुढच्या आठवड्यात शहरातली एक नावाजलेली गायिका आली. तिला चाल मी शिकवली. तुझी चाल, तुझ्या श्वासांसकट. वाईट माणूस नव्हती ती, बाय. फार मेहनतीची. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला. नवरीच्या नावापाशी आली तेव्हा तिने मला विचारलं, "इथे आवाज थोडा तुटू देऊ का? मला वाटतं इथे तुटायला हवा."

आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? "नको. स्वच्छ घ्या."

मास्तर नाही, साहेब नाही, मी म्हणालो! त्या हशाचा आवाज माझ्या कानात होता. पुन्हा कुणी तिथे हसू नये असं मला वाटत होतं. मी तुला वाचवतोय असंच मला वाटलं असेल का? आज विचार करतो तर कळत नाही.

गाणं सुरेख झालं, हे खोटं सांगणार नाही. व्हायोलिनं, बासरी, मागे बायकांचा कोरस, सगळं जिथल्या तिथे. एक शिंक नाही, एक खोकला नाही. मला त्याचा अभिमान वाटला. अजूनही कधीतरी रेडिओवर लागलं की पाय ठेका धरतो, आणि मग मी तो थांबवतो.

तबकडी आणि चावीचा फोनो घेऊन मी गावी आलो. अर्धं गाव ओट्यावर. तू खांबाला टेकून ऐकलंस आणि म्हणालीस, "गोड हाय." मग जरा थांबून, "पन यमुनेचं नाव कशाला ठेवलंय? तिचं लगीन झालं की."

"गाण्यात आहे म्हणून ठेवलं."

"आनि दुसऱ्या पोरीच्या लगनात हीच लावली तर?"

"लग्नात कोण तबकडी लावतंय गं!" मी हसून म्हणालो. किती मूर्ख होतो!

तबकडीवर तुझं नाव नव्हतं. गीत-संगीत म्हणून मास्तरांचं होतं. मला वाटलं तू तरी त्यावर चिडशील. पण तू म्हणालीस, "गानं माजं कुठं हाय? सासूचं हाय, तिच्या सासूचं हाय." तुला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती मला कळायला वर्षं गेली.

आता ते सांगतो ज्यासाठी हे पत्र आहे. तबकडी निघाल्यावर महिन्याभरात साहेब म्हणाले की कोऱ्या फिती संपल्यात, जुन्या असतील त्या आणा. तुझी फीत माझ्या खणात होती. देऊ नये असं वाटलं असतं तर ती खणातच राहिली असती, कुणी झडती घेत नव्हतं. पण मला ती फीत नकोशी झाली होती. ती पुन्हा कधी कुणी लावेल, पुन्हा हसतील. आणि गाणं तर आता झालंच होतं ना, चांगलं, स्वच्छ, कायमचं! मग कच्चं कशाला ठेवायचं? मी ती नेऊन दिली. त्याच दुपारी तिच्यावर केसांच्या तेलाची जाहिरात घेतली. पेटी वाजवायला मीच होतो. चाकं फिरत होती, आणि खालून तू, यमुनेचं अंगण, ती म्हातारी, सगळं जात होतं. पुसताना काही आवाज होत नाही, बाय. म्हणूनच मला तेव्हा काही वाटलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांत खाडीकाठच्या एकेका मांडवात भोंगा आला. आधी लोक तबकडीही लावायचे आणि तुलाही बोलवायचे. मग तुला उशिरा बोलवायला लागले. मग नुसती पत्रिका यायला लागली. रबाळ्याच्या एका लग्नात तू जात्याजवळ जाऊन बसलीस आणि नवरदेवाच्या काकाने सांगितलं, "मावशे, आता भोंग्यावर लागनार हाय, तू जेवून घे." हे मला दाजींनी सांगितलं. तू नाही सांगितलंस.

आणि हिराचं लग्न! तुझ्या एकुलत्या एका पोरीचं. दाजींच्या पुतण्यांनी हौसेने भोंगा आणला. "मामाची तबकडी लावू!" म्हणून मलाच मान दिला. सुई मी ठेवली. हिराला हळद लागत होती आणि गाव दणाणून आवाज येत होता, "यमुना निघाली परक्या वाटेला गं." स्वच्छ, शुद्ध, हळदीतल्या 'ळ'सकट. तू हिराच्या मागे बसली होतीस. तुझा चेहरा मला दिसत नव्हता. तू तिच्या खांद्यावर वाकलेली दिसलीस आणि मला वाटलं, आई रडते आहे.

काल हिराने सांगितलं तू काय करत होतीस ते. तू तिच्या कानाला तोंड लावून गात होतीस. हळू, फक्त तिला ऐकू येईल इतकंच. "हिरा निंगाली." तिचं नाव घेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत, भोंग्याच्या वर आवाज न चढवता. हिरा म्हणाली, "मामा, आयचा सूर कानात इतका गरम लागला, मना बाकी कायच आयकू नाय आलं."

तेव्हा कळलं मला, तू त्या दिवशी ओट्यावर काय विचारत होतीस. ज्या पोरीचं लग्न, तिचं नाव नको का? एवढंच होतं ना ते? मी चार सुरांचं गाणं नेलं आणि ज्याच्यासाठी गाणं होतं तेच बाहेर ठेवलं. पण तू मला रागावून एकदा सांगितलं का नाहीस? भांडली का नाहीस? लहानपणी मी खोटं बोललो की कान पिळायचीस, मग या वेळी का सोडलंस?

कावीळ झाली तेव्हा तू दवाखान्यात आठ दिवस होतीस. सहाव्या दिवशी मी उशाशी होतो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू विचारलंस, "ती फीत हाय ना रं?"

मी म्हणालो, "आहे."

"मंग बरं," तू म्हणालीस आणि कूस बदललीस.

दुसरं काय म्हणायला हवं होतं मी? सांग ना! मरणाऱ्या माणसाला खरं सांगायचं का? मी गेला महिना स्वतःला हेच विचारतोय. दर वेळी वाटतं, तेव्हाचं खोटं एक वेळ माफ होईल. पण त्याआधी निरोगी होतीस, हसत होतीस, मला भाकरी वाढत होतीस, तेव्हा सात वर्षं गप्प बसलो, त्याचं काय?

काल हिरा आली ती दाजींनी दिलेले तांदूळ घेऊन. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मामा, बाबांनी सांगितलंय, आयची फीत घेऊन ये. आय म्हनायची, माजा आवाज दत्तूनं ठेवलाय, मी गेली का आयका. बाबा रोज इचारतात."

मी तिला सांगितलं. सगळं. हसण्यापासून तेलाच्या जाहिरातीपर्यंत. ती खाली बघत ऐकत होती.

"कवा पुसलीस?"

"तबकडी निघाली तेव्हाच."

"म्हंजे आय दवाखान्यात इचारत होती, तवा नव्हतीच?"

"नव्हती."

मी म्हणालो, "हिरा, तुला येतात ना आईची गाणी? मी मशीन घेऊन येतो, निदान तुझ्या आवाजात..."

"तुज्या मशीनम्होरं मी गानार नाय, मामा." तिने आवाज चढवला नाही. पिशवी घडी करून काखेत घेतली. दाराशी थांबून म्हणाली, "मना धा-बारा येतात. आयला दोनशेच्या वर येत व्हती. बाबांना मी काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस," मी म्हणालो. "मी येतो."

ती गेली. आणि मग, बाय, माझं डोकं पुन्हा तेच करायला लागलं जे त्याला येतं. म्हटलं, दाजींना सांगू, फीत दमट हवेने खराब झाली. होतातही तशा खराब. दाजी विश्वास ठेवतील. म्हणतील, "जाऊ दे रं, नशीब." म्हातारा माणूस, त्याला कशाला जखम! ऐकायला किती गोड वाटतं हे, नाही? अगदी स्वच्छ.

नाही. रविवारी सकाळी मी कोपरखैरण्याला येतोय. दाजींसमोर बसेन आणि सांगेन की तुमच्या बायकोचा आवाज माझ्याकडे होता आणि मी तो माझ्या हाताने पुसला, लाज वाटली म्हणून. ते मला काय म्हणतील ठाऊक नाही. कदाचित उठून बाहेर जातील आणि पुन्हा कधी बोलणार नाहीत. तेही मी ऐकून घेईन. पण एक वचन देतो तुला. जे सांगेन ते जसं झालं तसं, एका दमात सांगेन. मधे अडखळलो तरी थांबून पुन्हा पहिल्यापासून घेणार नाही.

तुझा धाकटा,
दत्तू